मोहाच्या घडीला यूव्हर्जन बायबल ॲप किती कामाला येतं?

यूव्हर्जन फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि अमेरिकेतल्या लाइफ.चर्च या मंडळीने २००८ साली आणलेलं हे ॲप आज मराठी विश्वासणाऱ्यांच्या फोनमध्येही सर्रास दिसतं. रोजच्या वाचनाला ते उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. इथे प्रश्न वेगळा आहे. वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये बिलात शंभर किलोचे ऐंशी किलो लिही असं मालक सांगतो, किंवा घणसोलीच्या खोलीत रात्री बाराला सट्ट्याचा मेसेज येतो, तेव्हा हे ॲप माणसाला देवाच्या सामर्थ्याकडे वळवतं, की त्याच्याच जिद्दीवर सोडून देतं?

आधी जुळवणी. भाषा मराठी घ्या आणि बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं ‘पवित्र शास्त्र’ निवडा. बहुतेक मराठी मंडळ्यांत तेच वाचलं जातं, त्यामुळे पाठ केलेलं वचन आणि उपासनेत ऐकलेलं वचन शब्दाला शब्द जुळतं. खातं उघडाच, नाहीतर फोन बदलला की खुणा आणि टिपा गेल्या. आवृत्तीपुढे डाउनलोडची सोय दिसली तर घरच्या वायफायवरच ती उतरवून ठेवा.

‘दिवसाचे वचन’ सहसा सकाळसाठी लावलेलं असतं, पण प्रत्येकाचा मोह आपापल्या ठरलेल्या वेळी येतो. कोणाचा पगाराच्या संध्याकाळी, कोणाचा घरचे झोपल्यावर. सूचनांच्या सेटिंगमध्ये जाऊन ती वेळ त्या घडीच्या पंधरा मिनिटं आधीची करा. मोह अंगावर आल्यानंतर सूचना उघडली जात नाही, बाजूला सरकवली जाते.

बुकमार्कला नाव देता येतं, ही या ॲपमधली सगळ्यात उपयोगी सोय आहे आणि तिच्याकडेच फार कमी जण बघतात. ‘पैसा’, ‘राग’, ‘रात्र’ अशी नावं द्या आणि प्रत्येकाखाली दोन-तीनच उतारे ठेवा. पैशाखाली नीतिसूत्रे ११:१, जिथे खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो असं म्हटलंय. रात्रीखाली उत्पत्ती ३९, मालकाच्या बायकोपासून पळून गेलेल्या योसेफाचा अध्याय. सगळ्यांखाली इब्री ४:१५-१६, कारण मोहाची परीक्षा स्वतः सोसलेला, तरी निष्पाप राहिलेला प्रमुख याजक येशू ऐन गरजेच्या वेळी साहाय्य करतो, हे तिथे आहे.

खुणा मात्र एकेका वचनावर नकोत, पूर्ण उताऱ्यावर करा. इथेच ॲपची मोडणी दगा देते. चित्रावर एक वचन टाकून व्हॉट्सॲपवर पाठवायची सोय इतकी सोपी आहे की वचन संदर्भातून सुटून येतं. १ करिंथ १०:१३ असंच फिरतं: देव शक्तीपलीकडे परीक्षा होऊ देणार नाही. पण १२वं वचन सांगतं, आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं त्याने पडू नये म्हणून जपावं. आणि १४वं सांगतं, पळा. तिन्ही मिळून वाचली की कळतं, देव जो निभावण्याचा मार्ग देतो तो पुष्कळदा दारातून बाहेर जाणारा असतो. फिलिप्पै ४:१३ ची तीच गत: ११ आणि १२ सोडली की समाधानाचं वचन यशाचं होऊन बसतं. मत्तय ४ मध्ये सैतानानेही स्तोत्र ९१ मधलंच वचन काढून पुढे केलं होतं. येशूने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातून उत्तर दिलं, तेही अंतःकरणात साठवलेल्या वचनातून. ठाणे-वाशी लोकलमध्ये दांडा धरून उभं असताना फोन बाहेरच निघत नाही, तेव्हा निदान तीन उतारे पाठ हवेतच. ॲप त्यांची उजळणी करायला चांगलं आहे, पाठांतराची जागा घ्यायला नाही.

सलग किती दिवस ॲप उघडलं याची मोजणी ही आमच्या मते या ॲपची सगळ्यात मोठी अडचण. आकडा वाढतो तसं आपण टिकून आहोत असं वाटायला लागतं, आणि १ करिंथ १०:१२ मधला इशारा नेमका अशाच माणसाला आहे. उलट पाप घडलं त्या दिवशी आकडा तुटला की निराशा दुप्पट होते, आणि ज्या दिवशी देवाच्या कृपेच्या राजासनाजवळ धावत जायचं त्याच दिवशी माणूस ॲप उघडायला लाजतो. आकड्याकडे लक्षच देऊ नका. वाचन योजनेत मागे पडलात तर तारखा पुढे सरकवायची सोय आहे, ती बिनदिक्कत वापरा. मराठी योजना इंग्रजीच्या मानाने थोड्याच आहेत. त्यात मनासारखी मिळाली नाही तर याकोबाचं पत्र घ्या, पाचच अध्याय आहेत. त्यात १:१४-१५ मध्ये वासना, मग पाप, मग मरण असा क्रम आहे. झगडा पहिल्याच पायरीवर करायचा, म्हणून तो पाहून ठेवावा. ४:७ मधला क्रमही उलटू नये: आधी देवाच्या अधीन होणं, मग सैतानाला अडवणं. नुसतं अडवायला गेलं की आपली ताकद संध्याकाळपर्यंत संपते.

मित्रासोबत योजना करायची सोय आहे. पाच-सात जणांचा गट करू नका. एकच जण, पुरुषाने पुरुष, बाईने बाई. टिप्पणीत कबुली लिहीत बसण्यापेक्षा फोन लावा.

ज्यांचा मोह फोनमध्येच आहे त्यांना रात्रीसाठी हे ॲप आम्ही सुचवणार नाही. वचन संपलं की बोट पुढच्या चिन्हावर जातं. त्यांनी छापील नवा करार व स्तोत्रसंहिता उशाशी ठेवावी, चार्जर स्वयंपाकघरात लावावा, आणि ‘दिवसाचे वचन’ संध्याकाळी सातलाच, लोकलची वाट बघताना वाचून घ्यावं.