पूल अस्सल, सेंटरिंग फसवं

ठोकळे जुळवून पूल बांधायच्या खेळण्याला १८५० रुपये, यावरून घरात थोडी बोलाबोली झाली. पण डब्यावर रोमचा पोन्स फॅब्रिसियस हा जुना कमानींचा पूल होता आणि मी तीस वर्षं सेंटरिंगचं काम केलेला सुतार. दादरच्या एका दुकानातून उचललाच. लालबाग येईपर्यंत सईने, माझ्या नातीने, बसमध्येच डबा फोडला होता.

ठोकळे सिमेंटचे, ओतीव. तीन-चारांचे टवके उडालेत, बाकी कडा स्वच्छ. प्रत्येक ठोकळा पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. कमानीचं सगळं इंगित त्यातच आहे. दगड खाली घसरू पाहतो नि शेजाऱ्यांत आणखी घट्ट बसतो. डब्यात डिंकाची ट्यूब दिलीय आणि पुस्तिकेत ‘प्रत्येक ठोकळा चिकटवा’ असं छापलंय. ती ट्यूब पतंगांसाठी ठेवा. चिकटवलंत तर कमान कशी उभी राहते ते पोरांना कधीच दिसणार नाही.

आता खोट. कमान जुळेपर्यंत खाली जो साचा लागतो, ते सेंटरिंग, इथे प्लास्टिकचं अख्खं आहे. ते ओढून काढायचं म्हणे! ओढलं, कमान पडली. पुन्हा ओढलं, पुन्हा पडली. सई रडायला आली. साइटवर आम्ही सेंटरिंग कधी हिसकत नाही. खालच्या पाचरा थोड्या थोड्या ढिल्या करायच्या, म्हणजे भार हळूहळू कमानीवर उतरतो. मग साच्याखाली जुन्या लग्नपत्रिकांचे आठ तुकडे घातले आणि एकेक काढत गेलो. साचा केसभर खाली बसला, ठोकळे किर्र वाजले आणि कमान राहिली.

दुसरी गोष्ट, कमान टोकांना बाहेर रेटते. आमच्या गुळगुळीत लादीवर दोन्ही टोकं सरकत होती. एका बाजूला वरवंटा लावला, दुसऱ्या बाजूला खलबत्ता. टोकांचे ठोकळे जड द्यायला हवे होते.

पुस्तिकेत इतिहास चार ओळींचा. खरा पूल इ.स.पू. ६२ चा, टायबर नदीतल्या बेटावर जाणारा, आणि लोक आजही त्यावरून चालतात. दोन मोठे गाळे, एकेक सुमारे साडेचोवीस मीटरचा. म्हणजे ऐंशी फूट! तेवढं सेंटरिंग पाण्यावर उभारणाऱ्या सुतारांचं नाव पुलावर नाही. कोरलंय ते रस्त्यांच्या अधिकाऱ्याचं, लुसियस फॅब्रिसियसचं. इ.स.पू. २१ मध्ये दोन कॉन्सलांनी, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी, काम पसंत केल्याचंही कोरलेलं आहे. एकेचाळीस वर्षांनी! आमची बिलं त्या मानाने लवकर निघायची.

मधल्या खांबातल्या कमानीला पुस्तिकेत ‘शोभेची खिडकी’ म्हटलंय. साफ चूक. नदी चढली की पाणी त्यातूनही जावं, खांबावरचा रेटा कमी व्हावा, म्हणून ती ठेवलेली. २६ जुलैचं पाणी पाहिलेल्या मुंबईकराला हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा सेंटरिंगचा कापला, एक पुस्तिकेचा. घेणार असाल तर जाड कागद आणि वरवंटा तयार ठेवा. आमचा वरवंटा सध्या पुलालाच लागलाय, चटणी मिक्सरवर होते.