तीन मशीन आहेत, सर्च कशावर बसवू? इलॅस्टिकसर्च की सोलरक्लाऊड

जळगावला ठिबकच्या पार्टांचा कॅटलॉग आहे आमचा, रावेर-चोपड्याचे दुकानदार दिवसभर ड्रिपर, व्हेंचुरी शोधत असतात, त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी एक मशीन बसली तरी सर्च चालूच राहायला पाहिजे. मी दोन्ही चालवलेत, म्हणून सांगतो.

इलॅस्टिकसर्च आणि सोलरक्लाऊड (म्हणजे अनेक मशीनवर चालणारं सोलर) ही दोन्ही सर्चची सॉफ्टवेअरं, दोघांच्या पोटात ल्युसीन हेच शोधायचं इंजिन आहे, फरक आहे तो डेटाच्या कॉप्या कोण सांभाळतो यात. इलॅस्टिकसर्च मास्टर, म्हणजे बाकीच्यांवर लक्ष ठेवणारी मशीन, स्वतःच निवडतं, ७.० च्या आधी किती मास्टरांचं बहुमत पाहिजे ते आपल्यालाच हाताने टाकावं लागायचं आणि आकडा चुकला की दोन मास्टर होऊन डेटा फाटायचा, आता ती कटकट गेली. सोलरला झूकीपर, म्हणजे मशीनांचा ताळमेळ ठेवणारं सॉफ्टवेअर, वेगळा चालवावा लागतो, तोही तीन ठिकाणी, म्हणजे सांभाळायला अजून एक गोष्ट. आणि दोन मशीनवर भागवू म्हणत असाल तर नका भाऊ, दोन्ही सिस्टिमना बहुमत लागतं, दोनातली नेमकी नको ती गेली की सगळं ठप्प.

आता जिथे हमखास फसतात ते. इलॅस्टिकमध्ये रेप्लिका (जास्तीची कॉपी) १ म्हणजे मूळ अधिक एक, एकूण दोन कॉप्या. सोलरमध्ये रेप्लिकेशन फॅक्टर हा एकूण कॉप्यांचा आकडा, म्हणून १ म्हणजे फक्त मूळच, दुसरी कॉपी नाहीच! तिथे २ टाकायचं.

लाईटचं पण बघा. नोड, म्हणजे एक मशीन, गेला की इलॅस्टिक १ मिनिट वाट बघतं आणि मग बाकीच्या मशीनवर नवीन कॉपी बनवायला घेतं, आमच्याकडे लाईट यायला दहा मिनिटं लागतात तेवढ्यात गिगाबाइटच्या गिगाबाइट उगाच इकडून तिकडे जायचे, म्हणून मी ते १५ मिनिटं करून ठेवलंय. क्लस्टर, म्हणजे मशीनांचा संच, तेवढा वेळ पिवळा (कॉपी कमी आहे असा इशारा) दिसतो, सर्च मात्र चालतं.

सोलरची एक गोष्ट मला खरंच आवडते, ७ पासून रेप्लिकाचे प्रकार आहेत, पुल रेप्लिका नुसती तयार इंडेक्स (शोधायची यादी) ओढून घेते, स्वतः इंडेक्सिंग करत नाही, त्यामुळे शोधणारे जास्त आणि नवीन डेटा कमी पडत असेल तर मशीनवर लोड कमी येतो. पण ती लीडर (नवीन डेटा आधी घेणारी मुख्य कॉपी) होऊ शकत नाही, म्हणून टीलॉगवाल्या, म्हणजे लीडर होऊ शकणाऱ्या, दोन तरी ठेवा.

नवीन सुरू करताय तर इलॅस्टिक घ्या. सोलर आधीच येत असेल तर सोडू नका.

तिन्ही मशीन एकाच यूपीएसवर लावू नका, आणि स्नॅपशॉट (डेटाचा बॅकअप) दोन्हीकडे पाहिजेच, कारण इंडेक्स डिलीट केला की तो रेप्लिकासकट जातो. आमचा स्नॅपशॉट रोज रात्री भुसावळच्या मशीनवर जातो.