भिंत बंद करायच्या आधी: दोन पिनांचं ओल मोजायचं मीटर

पाचपैकी चार तारे. पाचवा कापला त्याचं कारण पुढे येईलच, कारण त्यापायी आमच्या घरात कित्येक दिवस अबोला होता.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. पिनवालं मॉइश्चर मीटर. टीव्हीच्या रिमोटपेक्षा लहान, आत नऊ व्होल्टची बॅटरी, टोकाला दोन अणकुचीदार पिना आणि त्यावर टोपण. पिना लाकडात रोवायच्या आणि पडद्यावरचा आकडा वाचायचा. दोन पिनांमधल्या लाकडातून वीज किती सहज जाते एवढंच ते बघतं. लाकूड ओलं असेल तर वीज सहज जाते आणि आकडा चढतो. बाकी यात जादू नाही. अटलांटात बाथरूमच्या गळतीसाठी 36 डॉलरला घेतलं होतं, एकदा वापरलं आणि ड्रॉवरमध्ये पडून होतं.

2 ऑक्टोबर 2022 ला, इयान वादळानंतर, फ्लोरिडाला दादाच्या घरी निघताना गाडीत काय काय कोंबलं होतं: जनरेटर, पेट्रोलचे कॅन, पाण्याचे बुधले, एन-95 मास्कचा खोका, पहारी, जाड काळ्या पिशव्या. मीटर सगळ्यात शेवटी, पर्सच्या कप्प्यात टाकलं. परत येताना जपून आणलेली वस्तू तेवढीच.

इयान 28 सप्टेंबरला दुपारी कायो कोस्टा बेटावर आदळलं. चौथ्या श्रेणीचं हरिकेन, ताशी 150 मैलांचे वारे. दादा-वहिनी फोर्ट मायर्समध्ये राहतात, कलूसाहाची नदीपासून चार गल्ल्या आत. आई तेव्हा भारतातून त्यांच्याकडे आलेली होती. तिघं आदल्या दिवशी निघून पूर्व किनाऱ्यावर मित्राकडे गेले, म्हणून वाचले. घराचं छप्पर वाऱ्याला पुरून उरलं. घात केला तो पाण्याने. समुद्राचं उधाण नदीतून उलटं वर चढलं आणि घरात 31 इंच पाणी उभं राहिलं. भिंतीवरची तपकिरी रेघ मी टेपने मोजली, म्हणून आकडा इतका नेमका सांगते.

पहिले चार दिवस फक्त उपसा. गाळ, फुगून तिरके झालेले दरवाजे, प्लायवुडचे लगदे, फ्रीज. फ्रीज उघडायचा नाही, टेपने गुंडाळून तसाच बाहेर काढायचा, हे शेजारच्या काकांनी सांगितलं आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही. रस्त्याच्या कडेला वेगवेगळे ढीग करावे लागतात: झाडंझुडपं एकीकडे, ड्रायवॉल (आतल्या भिंतींना लावतात ते जिप्समचे ताव) आणि लाकूड दुसरीकडे, फ्रीज-वॉशर तिसरीकडे, रंग-रसायनं चौथीकडे. मिसळले तर उचलायला येणारा ट्रक पुढे निघून जातो. वहिनीने लग्नाचे अल्बम स्वतःच्या हाताने ढिगावर ठेवले, पण एक अक्षर बोलली नाही.

मीटर पहिल्यांदा बाहेर आलं ते ड्रायवॉल कापायच्या वेळी. दादाचं म्हणणं, पाणी 31 इंच होतं तर तीन फुटांवर कापू, उरलेली भिंत वाचेल. ड्रायवॉलच्या आतला जिप्सम पाणी वर खेचतो, कंदिलाच्या वातीसारखा. रेघेच्या वर चार इंचांवर पिना रोवल्या, आकडा चढलेला. आठ इंचांवरही तेच. साधारण एक फूट वर गेल्यावर आकडा पडला. ड्रायवॉलवर हे आकडे लाकडाच्या टक्क्यांसारखे वाचायचे नसतात, कोरडी जागा आणि ओली जागा एवढाच फरक बघायचा. आम्ही सरळ चार फुटांवर कापलं. ड्रायवॉलचा तावही चार फूट रुंदीचा असतो आणि आडवा लावतात, त्यामुळे नवा ताव नीट बसतो. नशीब की तीन फुटांवर कापलं नाही, नाहीतर ओली पट्टी भिंतीतच राहिली असती.

5 तारखेला दसरा. आईने पहार, करवत आणि हे मीटर एका उलट्या बादलीवर मांडलं आणि कुठूनतरी मिळवलेलं हळदकुंकू वाहिलं. मीटरच्या टोपणावर अजून पिवळा डाग आहे.

आता वाळवणं. याबद्दल कुणी धड सांगत नाही. उपसा आणि तोडफोड करायला माणसं मिळतात. स्वयंसेवक येतात, चर्चमधली मुलं येतात, आणि ती भूतासारखी कामं करतात. वाळवण्याला मात्र टाळ्या नाहीत. उघड्या लाकडी खांबांचा सांगाडा, त्यात पंखे आणि डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून तिचं पाणी बादलीत काढणारी यंत्रं) लावायचे, बादल्या ओतायच्या आणि थांबायचं. वीज येईपर्यंत जनरेटर घरापासून वीस फूट लांब, धूर खिडक्यांकडे जाणार नाही अशा बेताने. मोठ्या हरिकेननंतर कार्बन मोनॉक्साइडने माणसं मरतात, आणि ती बहुतेक वेळा घरात किंवा गॅरेजमध्ये जनरेटर चालवणारी असतात. वीज आल्यावर खिडक्या बंद केल्या, कारण फ्लोरिडाची ऑक्टोबरमधली बाहेरची हवा आत घेऊन काहीही वाळत नाही. रोज सकाळी मी अकरा ठिकाणी पिना रोवायचे. त्या अकरा जागांना मार्करने नंबर दिले, वहीत तक्ता केला. दादा म्हणायचा, "आलीस का पेशंट बघायला?"

आम्ही 15 टक्के ही रेघ धरली होती. त्याखाली लाकूड आलं की नवा ड्रायवॉल लावून भिंत बंद करायची. शिवाय माळ्यावरच्या, पाणी न लागलेल्या लाकडाचा आकडा घेऊन ठेवला: 12. घर पूर्वी जसं होतं तसं झालं की नाही हे कळायला ही तुलना फार उपयोगी पडते, आणि मीटर घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी हे करावं.

तिसऱ्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टर आला. नाव लिहीत नाही. भिंतीच्या तळाच्या आडव्या फळीवर हात फिरवला आणि म्हणाला, बोन ड्राय, म्हणजे ठणठणीत कोरडं, परवापासून ड्रायवॉल चढवतो. दिवाळी 24 ला. दादाचा चेहरा असा उजळला की मला पिना रोवायची इच्छा होईना. रोवल्या. 27.

"मीठ आहे ते," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. "खारं पाणी होतं. तुझं मशीन खोटं बोलतंय."

आणि इथेच तो पाचवा तारा गेला, कारण माणूस अर्धा खरा होता. मिठामुळे वीज जास्त सहज जाते, लाकूड कोरडं असलं तरी आकडा फुगतो. समुद्राच्या उधाणात बुडालेल्या घरासाठी ही सगळ्यात महत्त्वाची सूचना, आणि मीटरसोबत आलेल्या कागदावर तिचा एक शब्द नाही. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिशमध्ये बॅटरी कशी बदलायची ते मात्र आहे. मी प्रयोगशाळेत काम करते, कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणं अचूक मोजतात का ते तपासणं, हा माझा रोजचा धंदा, तरी मला हे आधी सुचलं नाही याची लाज वाटली.

मग खरं कसं कळणार? मीठ धुऊन काढायचं. म्हणजे दोन-अडीच आठवडे जे लाकूड आम्ही बादल्या ओतून ओतून वाळवलं, त्यावर फवारणीच्या पंपाने पुन्हा गोडं पाणी मारायचं. दादाने माझ्या हातातला पंप काढून घेतला. "तुला माझ्या घरात दिवाळी होऊ द्यायची नाहीये का?" असं तो म्हणाला, जे त्याला नंतर आठवत नव्हतं, मला आठवतं. अबोला सुरू झाला. तोडगा आईने काढला: एकाच भिंतीवर मारून बघा, एक भिंत काय जाते?

जेवणघराची भिंत धुतली, फडक्याने पुसली, पंखे तिच्या दिशेने लावले. चौथ्या दिवशी 22, सहाव्या दिवशी 17, नवव्या दिवशी 14. बाजूची न धुतलेली भिंत 25 वर अडून बसलेली. म्हणजे तिथे खरंच मीठच बोलत होतं. सगळं घर धुतलं. दिवाळी आम्ही उघड्या सांगाड्यात केली, पणत्या मधल्या आडव्या लाकडांवर ठेवून. लाकडाची भीती वाटून वहिनीने त्या लगेच उचलून फरशीवर ठेवल्या.

धुऊन सगळ्या भिंती उतरल्या, एक सोडून. स्वयंपाकघर आणि बाथरूममधली. धुतलं, वाळवलं, आकडा 29 वरून हलेना. आता मीठ म्हणायची सोय नव्हती. स्वयंपाकघराकडून भिंत उघडी होती, पण पलीकडे टब आणि टाइल्स, त्या शाबूत म्हणून कुणी हात लावला नव्हता. दादाने न बोलता पहार घेतली. टाइलमागे आवाज अडवायला भरलेला फायबरग्लास चिंब होता, पिळला तर पाणी गळेल इतका, आणि त्यामागचं लाकूड काळं पडलेलं. दिवाळीआधी ती भिंत बंद झाली असती तर ती बुरशी आईच्या खोलीच्या बाजूने आत वाढत बसली असती. अबोला तिथे संपला. माफी वगैरे कुणी मागितली नाही. दादा म्हणाला, "वहीत काय लिहिलंस बघू," आणि त्यानंतर सकाळचे आकडे तोच घ्यायला लागला.

घेणाऱ्यांसाठी काही फुटकळ गोष्टी. पिना लाकडात पाव इंचाच्या आसपासच जातात, म्हणून आकडा वरच्या थराचा असतो. जाड फळीच्या पोटातलं बघायचं तर दोन खिळे आत ठोकायचे आणि पिना खिळ्यांच्या डोक्यांना लावायच्या. 30 च्या वरचे आकडे मनावर घेऊ नका, तिथे "ओलं आहे" एवढाच अर्थ. पडद्यामागे दिवा नाही, वीज नसलेल्या घरात दातात टॉर्च धरून वाचावं लागतं. हा दोष किरकोळ नाही. पिना वाकतात, जादा जोड पाकिटात येतो, तो हरवू नका.

शेजाऱ्यांनी 200 डॉलरचं बिनपिनांचं मीटर आणलं होतं, नुसतं भिंतीला टेकवायचं. दिसायला देखणं. पण तिकडची घरं बाहेरून काँक्रीटच्या ब्लॉकची, त्यावर लाकडी पट्ट्या, आणि मध्ये चंदेरी फॉइलचं इन्सुलेशन. फॉइल समोर आलं की ते बिचारं कुठेही ओरडायला लागायचं. आतल्या लाकडी भिंतींवर मात्र ठीक चाललं, आणि भिंतीला भोकं पडत नाहीत हा फायदा आहेच.

इन्शुरन्सचा ॲडजस्टर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, आला तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं भारी मीटर होतं. एकाच जागी दोन्ही रोवून बघितली, एका टक्क्याचा फरक. मी प्रत्येक आकड्याचा फोटो तारखेसह काढला होता, त्याने ते सगळे मागून घेतले. साध्या घराच्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत, पुराचा विमा वेगळा काढावा लागतो आणि सरकारी योजनेत इमारतीची मर्यादा 2,50,000 डॉलर आहे. दादाने तो काढलेला होता. समोरच्या घरातल्यांनी नव्हता. त्यांचं घर अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आणि देव्हारा. सागवानी, भरीव, आईच्या सासूबाईंचा. तीन दिवस पाण्यात. स्वयंसेवकांतल्या एकाने तो ढिगाकडे उचलून नेला होता, मी पिना रोवायला थांबवला. भारी लाकडाला भोकं पाडते म्हणून आई माझ्यावर ओरडली. गोड्या पाण्याने धुतला, उन्हात न ठेवता सावलीत, कारण सागही घाईने वाळवला की तडकतो. सहा आठवड्यांनी 13. मागच्या बाजूला दोन बारीक भोकं आहेत, आई पाहुण्यांना ती दाखवते.

भिंती नोव्हेंबरच्या अखेरीस बंद झाल्या. मीटर मी दादाकडेच ठेवून येणार होते, पण त्याने हट्टाने मला परत दिलं आणि स्वतःसाठी नवं मागवलं, दिवा असलेलं, 48 डॉलरचं. घ्यायचं असेल तर तेच घ्या, 12 डॉलर जास्त गेले तरी चालतील.

9 ऑक्टोबर 2024 ला मिल्टन हरिकेन फ्लोरिडातल्या सिएस्टा कीला आदळलं, आणि फोर्ट मायर्सला पुन्हा उधाण आलं. दादाच्या गल्लीत पाणी आलं, गाड्या ठेवायच्या जागेपर्यंत चढलं, तिथे थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लागला. मी विचारलं, सगळे ठीक?

"तळाची फळी 12," दादा म्हणाला. "अकराही जागा बघितल्या. झोप तू आता."