एपीआयचा मास्टर टेस्ट किट: टाकीआधी बादली तपासा

माशांच्या टाकीचं पाणी तपासायच्या एपीआय कंपनीच्या फ्रेशवॉटर मास्टर किटमध्ये सात बाटल्या, काचेच्या चार नळ्या आणि एक रंगतक्ता मिळतो. पीएच, हाय रेंज पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट एवढं यात मोजता येतं. टाकी नवी असेल, फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू अजून बसायचे असतील, तर हा किट पैसे वसूल करतो. पण टाकी जुनी असूनही पाणी बदलल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी मासे आडवे होत असतील, तर गडबड बहुधा नळाच्या पाण्यात असते, आणि तिथे हा किट अर्धाच उपयोगी पडतो. केएच (पाण्याची अल्कता, म्हणजे पीएच कोसळू न देण्याची ताकद) आणि क्लोरीन या दोन चाचण्या त्यात नाहीत. नळाच्या पाण्यासाठी नेमक्या याच दोन लागतात.

एकाच नळाला वर्षभरात तीन तऱ्हेचं पाणी येतं. हिवाळ्यात धरणाचं, मऊ आणि कमी क्षाराचं. पावसाळ्यात तेच पाणी गढूळ येतं म्हणून शुद्धीकरण केंद्रात तुरटी वाढते, क्लोरीनही वाढतं. तुरटी पाण्यातली अल्कता खाते: लिटरला १ मिलिग्रॅम तुरटीमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम. मुळात मऊ असलेल्या पाण्याचा केएच त्यामुळे आणखी खाली जातो. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की सोसायटीच्या टाकीत टँकर रिकामा होतो. ते पाणी बोअरचं असलं तर गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसवणारं, जड. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस १०५००) एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठेवायला सांगतं, पण दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. माणसाला दोन्ही चालतं. माशाला एका दिवसात दोन्ही चालत नाही.

म्हणून एपीआयचाच जीएच-केएच किट (जीएच म्हणजे एकूण कठीणपणा) वेगळा घ्यावा. वापरायला तो मास्टर किटपेक्षा सोपा आहे. नळीत ५ मिली पाणी घ्या, केएचच्या बाटलीतला एक थेंब टाका, झाकण लावून उलटसुलट करा. पाणी निळं होईल. निळ्याचं पिवळं होईपर्यंत थेंब मोजत जा. जितके थेंब तितक्या डिग्री केएच. पहिल्याच थेंबाला पिवळं झालं तर केएच एकच्या आसपास किंवा त्याखाली, म्हणजे पीएच कधी कोसळेल याचा नेम नाही. मऊ पाण्यात तीन की चार असा घोळ होतो. तेव्हा औषधाच्या सिरिंजने १० मिली पाणी मोजून छोट्या काचेच्या बाटलीत घ्या, मग प्रत्येक थेंब अर्ध्या डिग्रीचा धरा. केएच वाढवायचा असेल तर १०० लिटरमागे ३ ग्रॅम खायचा सोडा साधारण १ डिग्री वाढवतो. धुण्याचा सोडा नको, बेकिंग पावडरही नको.

आता मास्टर किटची खरी कमाई. जुन्या, पाणी क्वचित बदललेल्या टाकीचा पीएच हळूहळू ६.५ वर आलेला असतो. फिल्टरचे जिवाणू मंदावलेले, अमोनिया १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम) दाखवतोय, तरी मासे फिरतायत. कारण इतक्या कमी पीएचला जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियम रूपात असतो आणि ते फारसं विषारी नसतं. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग मुक्त, म्हणजे विषारी असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो, जवळजवळ दहापट. त्या टाकीत निम्मं पाणी टँकरचं घातलं की पीएच झपाट्याने चढतो आणि तोच अमोनिया निम्मा होऊनही मारक ठरू शकतो. ‘पाणी स्वच्छ केलं आणि मासे मेले’ ही तक्रार बहुतेक इथली. म्हणून बादलीतल्या नव्या पाण्याचा केएच-पीएच आणि टाकीचा अमोनिया, दोन्ही हाताशी असल्याशिवाय मोठा पाणीबदल करू नये.

फरक मोठा असेल तर साधं गणित करावं. टाकीचा केएच ३, टँकरच्या पाण्याचा १४. ३० टक्के बदललं तर टाकी ६.३ वर जाते, १० टक्के बदललं तर ४.१ वर. दुसरा आकडा मासे सोसतात. दोन-तीन दिवसांआड दहा-दहा टक्के करत जावं.

बोअरच्या ताज्या पाण्याच्या पीएचवर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे पीएच कमी दिसतो. बादलीत एअरस्टोन सोडून २४ तासांनी पुन्हा मोजा, आकडा बराच चढलेला असू शकतो. इथे हाय रेंजची बाटली लागते, कारण साधा पीएच ७.६ च्या निळ्यावर थांबतो. त्यापुढे ७.८ असो की ८.४, रंग तोच. साध्याला ३ थेंब, हाय रेंजला ५.

किटची सगळ्यात वैतागवाणी बाटली म्हणजे नायट्रेटची दुसरी. तिच्यातलं द्रव्य तळाशी बसतं. ती नुसती हलवून १० थेंब टाकले की नायट्रेट खोटं कमी दिसतं. ३० सेकंद जोरात हलवायची, आधी टेबलावर चार-दोनदा आपटली तर बरं, मग थेंब टाकून नळी पूर्ण एक मिनिट हलवायची, मग ५ मिनिटं थांबायचं. अमोनियाला दोन्ही बाटल्यांतले ८-८ थेंब आणि ५ मिनिटं. बाटली उभी उलटी धरा. तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. बोट लावून नळी हलवू नका, ही रसायनं कातडीला बरी नाहीत.

अमोनिया ० आणि ०.२५ मधला फरक पिवळ्या एलईडीखाली ओळखूच येत नाही. खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर धरून बघावं. शंका असेल तर स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्यावर तीच चाचणी करून दोन नळ्या शेजारी ठेवा.

क्लोरीनसाठी ग्रामपंचायतीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर जी ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करतात तीच पुरते. पिवळा रंग लगेच आला तर ते मोकळं क्लोरीन. आधी फिकट आणि मग पाचेक मिनिटांत गडद होत गेला तर त्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) आहे, आणि ते तोडल्यावर अमोनिया सुटतो. तपासलेलं पाणी बेसिनमध्ये ओता, टाकीत कधीच नाही.

क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट, म्हणजे हायपोचे खडे, स्वस्तात काम करतात. १०० ग्रॅम खडे विरघळवून एकूण १ लिटर द्रावण करा. १ मिलिग्रॅम क्लोरीनला ७ मिलिग्रॅम हायपो धरा. म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या २० लिटरच्या बादलीला १.४ मिली द्रावण. पावसाळ्यात दुप्पट घाला. क्लोरामाइन असेल तर हायपो अपुरा, तिथे सीकेमच्या प्राइमसारखं कंडिशनर हवं, २०० लिटरला ५ मिली. महापालिका ‘पाणी उकळून, गाळून प्या’ म्हणते त्या आठवड्यात पाणीबदल पुढे ढकलता आला तर उत्तम.

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) पहारेकरी म्हणून ठेवावा. रोज बादलीत बुडवायचा. आकडा एकदम दुप्पट झाला तर टँकर आलाय, मग केएच मोजायचा. क्लोरीन किंवा अमोनियाबद्दल तो काहीच सांगत नाही. पट्ट्यांच्या किटवर मात्र पैसे घालवू नका. आपल्या पावसाळी हवेत डबी दोन-चारदा उघडली की पट्ट्या ओल धरतात, रंग एकमेकांत उतरतात, आणि बहुतेक पट्ट्यांत अमोनिया नसतोच.

बजेट थोडं असेल तर आधी केएच आणि ओटी, मग अमोनियाचा सुटा किट, आणि मास्टर किट सगळ्यात शेवटी. घेताना बाटल्यांवरची तारीख दुकानातच वाचा. उन्हात मांडलेला खोका परत ठेवा.