मंडळीसाठी व्हॉट्सॲप चॅनल: वर्षभर वापरल्यावर

आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, नुसता ग्रुप होता तेव्हा रविवारच्या उपासनेची वेळ शोधायची म्हणजे 'सुप्रभात'च्या गुलाबांतून वाट काढत वर वर जायचं. मी मंडळीचा सचिव. वेळ मीच टाकायचो आणि मलाच सापडायची नाही. शेवटी पाळकसाहेबांच्या मागे लागून सूचनांसाठी चॅनल उघडलं.

चॅनलवर फक्त ॲडमिन लिहितात. बाकीच्यांनी वाचायचं, फार तर इमोजी दाबायचा. एकदोघांना ही हुकूमशाही वाटली. पण भिंतीवरच्या सूचनाफलकाला तरी कोण उत्तर देतं? ग्रुपला १०२४ जणांची मर्यादा आहे, पण आमची मंडळी त्याच्या जवळपासही जात नाही, तेव्हा ते सोडा. मला पटलं ते वेगळंच. चॅनलवर एका सभासदाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांसमोर. रविवार शाळेच्या तरुण शिक्षिकांना ते खटकत होतं, त्या फक्त बोलत नव्हत्या.

दुसरी सोय दुरुस्तीची. ग्रुपवरचा मेसेज १५ मिनिटांत सुधारावा लागतो, चॅनलवरचा ३० दिवसांपर्यंत. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेची वेळ मी चुकीची टाकली आणि रात्री जेवताना लक्षात आलं. ग्रुपवर असतो तर माफीनाम्यावर माफीनामे लिहीत बसलो असतो.

प्रार्थना-विनंत्या मात्र इथे अजिबात टाकू नका. चॅनलवरचा मजकूर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येऊ नये असा कुलूपबंद, नसतो, आणि सार्वजनिक चॅनल कुणालाही वाचता येतं. मंडळीतल्या एका बहिणीच्या ऑपरेशनसाठीची विनंती आमच्याच कुणीतरी ग्रुपवरून पुढे ढकलली होती. संध्याकाळी ती विनंती तिच्या ऑफिसात पोचली. हेतू चांगला होता, पण ती बहीण पुढे महिनाभर उपासनेला आली नाही. आता विनंत्या पाच जणांच्या छोट्या ग्रुपात जातात, तेही आधी त्या माणसाला विचारून. मुलांच्या फोटोंनाही तोच नियम: आईवडिलांचा होकार नसेल तर फोटो नाही.

काय टाकावं हे कळायला मला दोन महिने लागले. रोज सूर्योदयावर छापलेलं एक वचन टाकत होतो. लोक आधीच तीन ठिकाणांहून ते पाहून आलेले असत. मग पाळकसाहेबांकडून शुक्रवारी मिनिटभराचा आवाज घेऊ लागलो: रविवारचा शास्त्रपाठ कोणता, आणि तो वाचताना त्यांना स्वतःला काय अडलं. मागे कुकरची शिट्टी वाजते कधीकधी. तीच पोस्ट सगळ्यांत जास्त ऐकली जाते, आणि उपासनेनंतर दारात लोक तिच्यावरच बोलतात.

पाचपैकी चार तारे. एक तारा मी माझ्याच चुकीपायी कापतोय. चॅनल 'अपडेट्स'मध्ये वेगळं राहतं, चॅट्समध्ये येत नाही, आणि सूचना वाजायला हवी असेल तर घंटेची खूण स्वतः दाबावी लागते. हे मी क्यूआर कोड दारावर चिकटवताना सांगितलंच नाही. त्यामुळे निम्मी वयस्कर मंडळी 'फॉलो' करून मोकळी झाली आणि पुन्हा कधी तिकडे फिरकली नाही. नंतर उपासना सुटल्यावर तरुण संघाची पोरं बाकाबाकावर फिरून घंटा दाबून आली.

तरीही आठ-दहा आजी-आजोबा उरलेच. त्यांना मी शनिवारी संध्याकाळी फोन करतो. गुडघे, नातवंडं, मागच्या रविवारी पेटी कशी बेसूर वाजली, असं सगळं वीस मिनिटं चालतं, आणि उपासनेची वेळ फोन ठेवता ठेवता निघते.