पहिले दहा हजार कुठे लावायचे: गूगल, इन्स्टाग्राम की व्हॉट्सॲप?

सुदामानगरात माझ्या मावशीच्या घरी धंदे दोन आहेत आणि जाहिरातीचा पैसा एकच. मावशी पुरणपोळ्या, चकल्या, मेतकूट घरून विकते. मावसभाऊ भंवरकुआं या चौकात कोचिंगच्या मुलांसाठी मेस चालवतो. महिन्याला दहा हजारांच्या वर जायचं नाही, हे ठरलेलं. तो म्हणतो सगळे गूगलवर लावू. ती म्हणते, "अरे, आजकाल माणसं इन्स्टावर असतात." मी इंदूरातल्या लहान दुकानांच्या जाहिराती सांभाळतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. दोघांचंही बरोबर आहे, पण ज्याच्या त्याच्या धंद्यापुरतं.

मेसच्या बाबतीत गूगलला तोड नाही. खरगोनहून किंवा खंडव्याहून आलेला मुलगा खोलीवर सामान टाकतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोनवर लिहितो, 'भंवरकुआं टिफिन सर्विस'. त्याला पटवावं लागत नाही, भूक तो स्वतःच घेऊन आलाय. आपण फक्त वेळेवर समोर दिसायचं. चौकाला आता टंट्या भील यांचं नाव दिलंय, पण बोटं अजून भंवरकुआंच टाइप करतात, म्हणून कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसावी त्या यादीत, दोन्ही नावं हवीत. आणि घरी मराठी बोलणारे आपले लोकसुद्धा गूगलला हिंदीतच विचारतात. 'पोळीभाजी'वर बोली लावून इंदूरात बसलात तर माशा माराल.

इथे पैसे क्लिकचे जातात. दर लिलावात ठरतो, पण लिलाव नुसत्या बोलीचा नसतो. जाहिरात आणि तिच्यामागचं पान विचारणाऱ्याच्या किती कामाचं, हेही त्यात धरतात. महिन्याचा दर, जेवणाच्या वेळा आणि फोन नंबर स्वच्छ लिहिलेलं साधं पान असलं तर म्हणूनच कमी बोलीतही काम भागतं.

मावशीसाठीही मी आधी गूगलच लावून पाहिलं, आणि फसलो. चौथ्या दिवशी सर्च टर्म्सचा अहवाल, म्हणजे लोकांनी नेमकं काय शोधलं त्याची यादी, उघडली तर ओळीने हेच: 'पूरन पोली कैसे बनाते हैं', 'पूरन पोली रेसिपी', 'पूरन पोली बनाने की विधि'. ज्यांना पोळी करायची होती त्यांच्या क्लिकचे पैसे पोळी विकणारी भरत होती. 'रेसिपी', 'कैसे', 'विधि' हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांत, टाकल्यावर गळती थांबली, पण मग शोधणारे उरले मोजके. विकत घ्यायची पुरणपोळी गूगलवर शोधणारा इंदूरात आहे, पण रोज नाही.

दुसरं भोक लोकेशनच्या खाली होतं. इंदूर निवडलं की झालं, असं वाटतं. पण मूळ सेटिंगमध्ये इथे असलेले लोक येतात तसे या जागेत नुसता रस दाखवलेलेही येतात. पुण्यात बसून इंदूरच्या सराफ्यातल्या खाण्याबद्दल वाचणाऱ्यालाही जाहिरात दिसू शकते, आणि त्याच्याकडे गरम पोळी कोण पोचवणार? हे बदलून फक्त इथे असलेल्यांवर आणायचं. सर्च कॅम्पेन उघडताना डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर साइट्स-ॲप्सवर जाहिरात दाखवायची, खूण आधीच लागलेली दिसली तर तीही काढायची.

आता हिशेब. रोजचं बजेट 300 रुपये टाकलं तर एखाद्या दिवशी 600 पर्यंतही उडू शकतात. घाबरू नका, महिन्याचा आकडा 30.4 पटीला, म्हणजे 9,120 ला थांबतो. वर 18 टक्के जीएसटी. तो धरला की पावणेअकरा हजार होतात. 5 टक्के जीएसटी लावणाऱ्या मेस-हॉटेलला त्याचं इनपुट क्रेडिटही, म्हणजे भरलेला कर आपल्या करातून वजा करायची सोय, मिळत नाही, त्यामुळे भावाच्या खिशातून तो पूर्ण जातो. दहा हजारांतच बसवायचं तर रोजचे 278 ठेवा.

एक पैसाही न घालता होणारी गोष्ट म्हणजे गूगलचं बिझनेस प्रोफाइल (सर्च आणि मॅप्सवर दिसणारी धंद्याची नोंद), आणि तीच लोक शेवटी करतात. मेसला तर हवंच. घरून विकणाऱ्यांना पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात माल पोचवता ते दाखवता येतं. अनोळखी माणसं दुपारी दार वाजवतील या भीतीने मावशी अडून बसली होती, ती या एका सोयीवर तयार झाली. मात्र 'रिव्ह्यू लिहा, चकलीचं पाकीट मोफत' असलं काही करू नका, ते गूगलच्या नियमांत बसत नाही.

इन्स्टाग्रामचं काम वेगळं. तिथे कुणी पोळी शोधायला आलेलं नसतं, पण तव्यावर टम्म फुगलेली पोळी, कडेने सुटणारी वाफ आणि वर पसरणारं तूप दिसलं की अंगठा थांबतो. म्हणजे ज्या मालाची आठवण करून द्यावी लागते, त्याची जागा ही. पिन टाकून आपल्या भागाचा काही किलोमीटरचा घेर निवडता येतो. पण पोस्टखालचं 'बूस्ट' दाबून मोकळे होऊ नका, जाहिराती नीट लावायच्या ॲड्स मॅनेजरमध्ये जा आणि काय हवंय ते नीट सांगा. लाइक मागितले तर लाइक देणारेच मिळतात, आणि ते हाडाचे फुकटे असतात. इन्स्टाग्रामची कंपनी मेटा, तिच्या यंत्रणेला शिकायला एका ॲड सेटमागे (एकाच बजेट-प्रेक्षकाच्या जाहिरातींच्या गटामागे) आठवड्यात साधारण 50 निकाल लागतात. घरगुती धंद्याला आठवड्यात जाहिरातीतून 50 ऑर्डरी कुठून येणार? म्हणून खरेदीऐवजी व्हॉट्सॲपवर येणारा मेसेज हाच निकाल धरायचा.

फूड ब्लॉगरचे फोनही येतील. छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्लीवर रील काढणारा पोरगा मावशीकडे डबा आणि वर पैसे मागून गेला. द्यायचे तर द्या, पण ती जाहिरात आहे असं त्याने रीलवर स्पष्ट लिहायला हवं. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे एएससीआयचे, हे नियम 2021 पासून आहेत आणि फुकट दिलेला मालही त्यांत मोडतो.

दिवाळीच्या तोंडावर दोन्हीकडे दर चढतात, कारण कपडेवाले, मिठाईवाले, मोबाइलवाले सगळे त्याच लिलावात उतरतात. फराळवालीने तेव्हा नवं गिऱ्हाईक शोधायला निघणं म्हणजे धनत्रयोदशीला सोन्याचा भाव पाडून मागणं.

इथे व्हॉट्सॲप उपयोगी पडतं, पण ते नवं गिऱ्हाईक आणत नाही, आलेलं टिकवतं. बिझनेस ॲप 2018 मध्ये आलं, फुकट आहे, कॅटलॉग लावता येतो. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या, एका यादीत 256 जण, आणि ज्याने तुमचा नंबर साठवलाय त्यालाच मेसेज पोचतो. लोकांना ही अट अडचण वाटते, मला ती चाळणी वाटते. नंबर साठवणारा पुन्हा घेणारा असतो. हजारो मेसेज एकदम पाठवून देतो म्हणणाऱ्या स्वस्त सॉफ्टवेअरच्या नादी लागलात तर नंबरच बंद होतो, आणि त्याबरोबर वर्षाची उलाढाल. पैसे भरून घ्यायचा एपीआय (मोठ्या धंद्यांनी सॉफ्टवेअरला जोडायची व्हॉट्सॲपची सोय) दोघांनाही अजून नको.

हे सगळं एजन्सीला द्यावं का? इतक्या बजेटला माझ्या मते नाही, फी जाहिरातीहून मोठी होते. (माझं पोट त्यावर चालतं, तरी सांगतो.) द्यायचंच तर खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा. गूगल ॲड्सचा दहा आकडी ग्राहक क्रमांक दिला की एजन्सी आपल्या खात्यातून जोडणीची विनंती पाठवते, ती तुम्ही मंजूर करायची, पासवर्ड द्यावा लागत नाही. मागे एका ओळखीच्या दुकानदाराचं खातं एजन्सीच्या नावावर होतं. भांडण झालं आणि दोन वर्षांत कुठल्या शब्दावर गिऱ्हाईक आलं याची सगळी नोंद एजन्सीबरोबर गेली. त्याने पुन्हा शून्यापासून तेच कीवर्ड, तेच निगेटिव्ह कीवर्ड पैसे घालून शोधले.

तर निवाडा. कोचिंगच्या बॅचा सुरू होतात त्या दोन महिन्यांत सगळे पैसे भावाचे आणि सगळे गूगलवर. श्रावणापासून गणपतीपर्यंत पैसे मावशीचे, इन्स्टाग्रामवर, आणि येणारा प्रत्येक माणूस व्हॉट्सॲपच्या यादीत, त्याला विचारून. दिवाळीच्या महिन्यात जाहिरात बंद, फक्त यादी. भावाने कुरकुरत मान्य केलं. मावशीने लगेच वही काढली आणि होळीला पोळ्या नेलेल्यांची नावं लिहायला बसली. दोन पानं भरल्यावर पेन थांबवून तिने विचारलं, "नणंदबाईंना यादीत घालू का? त्या कधी पैसे देत नाहीत."