धम्मगिरी, इगतपुरी : दहा दिवसांचे विपश्यना शिबिर

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातील शिबिराचा विषय निघाला की लोक पहाटे चारची घंटा आणि मौन यांविषयीच अधिक बोलतात. माझ्या मते मात्र या शिबिराचे खरे बळ त्याच्या पहिल्या अटीत, म्हणजे पंचशीलात आहे. हिंसा, चोरी, असत्य व नशा यांपासून दूर राहण्याचे आणि शिबिरकाळात ब्रह्मचर्य पाळण्याचे व्रत प्रत्येकाला घ्यावे लागते. १९५६ च्या धम्मदीक्षेपासून ज्या घरात पंचशील म्हटले जात आले आहे, अशा घरातून मी गेलो होतो. तरीही ओठांवरचे शील दिवसभर आचरणात उतरवणे किती वेगळे असते, हे मला तेथेच उमगले. मौनामुळे खोटे बोलण्याची संधीच उरत नाही, अंगावर बसलेला डासही मारायचा नसतो, आणि अशा निर्वैर वातावरणात मन आपोआप शांत होऊ लागते.

पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासाचे केवळ निरीक्षण करायचे असते. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरावरील संवेदना प्रतिक्रिया न देता पाहण्याची साधना, दिली जाते आणि त्यानंतर दिवसातून तीनदा तासभर हात-पाय न हलवता व डोळे न उघडता अधिष्ठानात, म्हणजे दृढ निश्चयाने, बसावे लागते. गुडघ्यातली कळ वाढत जाते, तिच्याविषयी चीड उठते, आणि ती चीड कळेपेक्षाही अधिक जाळते, हे स्वतःच्या शरीरावर पाहिल्यावर घरातल्या भांडणांत आपण नेमके काय करतो ते स्वच्छ दिसू लागते. माझ्यासाठी हीच या शिबिराची सर्वांत मोठी देणगी ठरली.

ब्रह्मदेशातील मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका तेथील विपश्यना आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून ही साधना शिकले व १९६९ मध्ये ती घेऊन भारतात आले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले असले तरी सूचना आणि सायंकाळची प्रवचने आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात ऐकवली जातात. शंका सहायक आचार्यांना विचारता येतात, परंतु वादचर्चेला येथे वाव नाही. बाबासाहेबांनी धम्माचा जो सामाजिक आशय मांडला, त्यासाठी विहार आणि ग्रंथ यांच्याकडेच वळावे लागते, आणि ती उणीव मला महत्त्वाची वाटते.

निवास व शाकाहारी भोजन यांचे शुल्क नाही. दानही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच स्वीकारले जाते. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी अर्जात ते स्पष्ट लिहावे, कारण ही साधना त्यांच्यासाठी सुचवली जात नाही. नोकरदारांनी बारा दिवसांची रजा धरावी. आदल्या दिवशी हजर व्हावे लागते आणि समारोप अकराव्या दिवशी सकाळी होतो.